उबिनवरील पारणे

ओल्या पाचोळ्याचा वास आला की पुलाऊ उबिन बेटावरील रानवाटेकाठच्या सहलीतील ती द्वादशीची सकाळ आठवते. एकादशीचे पारणे करावयास मी तंबूपुढे केळीच्या पानावर दहीभात वाढून घेतला. पानाशेजारी भाताच्या चित्राहुती घालून आपोशनाचे पाणी घेतले, तोच झुडुपातून रानडुक्कर आले. मुलगा आणि सून तंबूत शिरले. “आजोबा, रन लाह!” आतून नात तिच्या इथल्या इंग्रजीत ओरडली. परंतु आपोशन घेतल्यावर भोजन पूर्ण होईपर्यंत पानावरून उठावयाचे नसते, म्हणून मी हात जोडले, “वराहदेवा, कृपा असावी.” देवाने चित्राहुती संपवल्या, मग दहीभात, शेवटी पानही. “बाबा, आता तरी उठा!” सून कळवळली. “जेवणानंतरचे उत्तरापोशन राहिले आहे,” मी म्हणालो. आम्ही राहतो टॅम्पिनीसला, भर शहरात दहाव्या मजल्यावर. तरीही चित्राहुती घालण्यापूर्वी मी दार लावून घेतो.