तांदळात लिहिलेलं नाव

मुलानं सात वर्षांचं अंदाजपत्रक केलं होतं. जेवणाच्या टेबलावर त्यानं मोठा आखीव कागद पसरला आणि मला आणि त्याच्या वडिलांना समोर बसवून एकेक ओळ वाचून दाखवली. बायकोचा पर्यटक व्हिसा बदलून घ्यायची फी, मग दर मुदतवाढीची फी, कागदांची भाषांतरं, वकील, दोन वर्षांनी परदेशी बायकोला मिळणारं ओसीआय कार्ड, आणि सात वर्षं इथं राहून झाली की नागरिकत्वाचा अर्ज. त्या शेवटच्या ओळीपुढं रकमेऐवजी नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

"सात वर्सं?" हे म्हणाले. ह्यांची उभी हयात वारणानगरला साखर कारखान्यात गेली, पण हिशेब अजून गोठ्यातलाच. "सात वर्सांत म्हस चारदा व्याती की रं!"

सून खळखळून हसली. तिला म्हशीचं बरोबर कळलं होतं.

मुलगा फाउंड्रीच्या मशिनरीत काम करतो. कंपनीनं त्याला दोन वर्षं व्हिएतनामला पाठवलं, तिथं ही त्याला भेटली. तिथंच त्यानं तिला जमेल तेवढं मराठी शिकवलं, आणि इथं आल्यावर उरलेलं आमच्या शिवाजी पेठेतल्या बायकांनी शिकवलं. त्यामुळं तीही त्यांच्यासारखी पुरुषी 'मी आलो, मी जेवलो' करायला लागली. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत घालवलेली मी आतल्या आत चडफडायची, पण तोंडानं काही बोलायची नाही.

नाही म्हणायला, जिथं बोलायला नको होतं तिथं भरपूर बोलले. लग्न इथंच झालं, आमच्या पद्धतीनं. तिच्या आईला गुडघ्यांमुळं प्रवास झेपणार नव्हता, म्हणून तिच्याकडचं कुणीच नव्हतं. ताटात तांदूळ पसरून मुलानं अंगठीनं तिचं सासरचं नाव लिहिलं. ते मी निवडलेलं. आदल्या दिवशी तो म्हणाला होता, "आई, राहू दे की. हाय ते नाव चांगलंय तिचं."

"माझंही बदललंच होतं. मेले का मी?" मी म्हटलं. तो गप्प बसला. माझ्यापुढं आमच्या घरात बहुतेक सगळे गप्पच बसतात. तिला तर कुणी विचारलंच नाही. खरं सांगायचं तर, ती लवकर आमची व्हावी एवढंच माझ्या मनात होतं, आणि त्यासाठी तिचं काही काढून घ्यावं लागतंय हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

विवाह नोंदणीचा फॉर्मही मीच भरला. शाळेत ज्या पोरांच्या आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसे, त्यांना आम्ही शिक्षक मंडळी सरळ एक जून देऊन टाकायचो. पुढं जन्मभर सरकारदरबारी ती एक जूनच खरी. आपण लिहू ते खरं, हा माज माझ्या हातात मुरलेला होता. वधूच्या नावाच्या रकान्यात मी नवं नाव लिहिलं, खाली पासपोर्टची झेरॉक्स जोडली आणि नोंदणी कार्यालयात गेले. टेबलावर माझाच एक जुना विद्यार्थी. त्यानं झेरॉक्स उलटूनही पाहिली नाही.

"बाई, तुमी भरलाय म्हटल्यावर बघायचं काय त्यात?"

मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

व्हिसाचा अर्ज ऑनलाइन गेला आणि आठवड्यात शेरा मारून परत आला. दाखल्यावरची वधू आणि पासपोर्टवरची बाई एकच आहे, याचा पुरावा द्या. मुलानं शेरा दोनदा वाचला. मग दाखला काढून माझ्यासमोर ठेवला.

"आई, फॉर्मवर काय लिहिलंस तू?"

"तिचं नाव."

"कुठलं?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पासपोर्टवरच्या मुलीचं लग्नच झालेलं नव्हतं, आणि लग्न झालेली मुलगी जगातल्या कुठल्याच दप्तरात नव्हती. तिच्या मुक्कामाचे एकोणीस दिवस उरले होते. तेवढ्यात दाखला दुरुस्त होऊन व्हिसा मिळाला नाही, तर तिला देश सोडावा लागणार होता. तिथून बायको म्हणून परत यायचं, तर पुन्हा हाच दाखला दाखवावा लागणार. आणि मुदत उलटून इथंच थांबली तर दंड, शिवाय पुढच्या प्रत्येक अर्जावर तो डाग.

त्या संध्याकाळी अंदाजपत्रकात दोन नव्या ओळी आल्या. एक पेन्सिलीनं लिहिलेली होती, 'परतीचं तिकीट, एक'. दुसरी पेनानं, 'किरकोळ'. माझ्या चुकीचा सगळा खर्च, स्टँपपेपर, वकिलाची जादा फी, रिक्षा, झेरॉक्स, मुलगा त्या किरकोळमध्ये टाकत होता. मला समोर दिसू नये म्हणून. मी सुनेच्या तोड्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे आणून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं ते न मोजता घेतले, आणि मला आणखीच मेल्यासारखं झालं.

नोंदणी कार्यालयातला माझा विद्यार्थी दाखला पाहून पांढराफटक पडला. "बाई, आता मला मेमो बसतोय बगा." तरी त्यानं यादी करून दिली. माझं प्रतिज्ञापत्र, भटजींची नव्यानं सही, तिन्ही साक्षीदारांच्या नव्यानं सह्या. भटजी चार दिवस परगावी. दोन साक्षीदार पेठेतले, ते लगेच झाले. तिसरा ह्यांचा चुलतभाऊ, त्याचं जोतिबावर गुलाल-नारळाचं दुकान. आम्ही गेलो तो नेमका रविवार, जोतिबाचा वार. डोंगरावर मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि भावजी गिऱ्हाईक सोडून हलेनात. शेवटी नारळांच्या ढिगावर कागद ठेवून त्यांनी सही केली, आणि त्यांच्या अंगठ्याचा गुलाल कागदाला लागला. मी तो पदरानं पुसायला गेले तर आणखी पसरला. खाली येईपर्यंत मी तो कागद छातीशी धरून बसले होते. हा चालला नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.

तो चालला. "राहू दे, जोतिबाचाच हाय," विद्यार्थी म्हणाला, आणि मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

प्रतिज्ञापत्रात वकिलानं लिहिलं होतं, 'नजरचुकीने'. मी म्हटलं, नजरचूक कुठली, चांगलं बघून लिहिलंय मी. "बाई, सगळे नजरचूकच लिहितात," तो म्हणाला. "खरं कारण लिहिलं तर साहेब चार प्रश्न जादा विचारतील." मी सही केली.

दुरुस्त दाखला हातात पडला, अर्ज पुन्हा गेला, तेव्हा नऊ दिवस राहिले होते. त्या दुपारी मी तिच्या खोलीत डोकावले. ती पलंगावर बसून एका बॅगेत कपडे भरत होती. फक्त येताना आणलेले. आम्ही घेतलेल्या साड्या कपाटात घडी घालून तशाच.

"कुठं निघालीस?"

"न्हाय. तयार ठेवलो." तिनं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, देश बदलायला सात वर्सं लागत्यात. नाव तुमी एका दुपारात बदललासा."

आवाजात राग नव्हता. हिशेब जुळत नाही म्हणून विचारावं, तसं ती म्हणाली. मला मात्र राग आला. परवा आलेल्या सुनेनं मला ऐकवावं! मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली, ह्यांच्यावर डाफरले, आमटीत दोनदा मीठ घातलं. सकाळी उठले तेव्हा राग कुठल्या कुठं गेला होता आणि नुसती लाज उरली होती.

मग व्हिसाच्या चौकशीला पोलीस घरी आला. तरुण, घामाघूम, हातात फाईल. सहा दिवस राहिले होते. वकिलानं बजावून ठेवलं होतं की नाव एकच सांगायचं, पासपोर्टवरचं. दुसरं नाव निघालं की ते 'उर्फ' म्हणून लिहितील आणि आणखी कागद मागतील. मी ते नाव शाळेतल्या कवितेसारखं घोकलं होतं.

"सुनेचं नाव?"

सांगितलं. पूर्ण, न अडखळता.

"घरात ह्याच नावानं हाक मारता न्हवं?"

हे छताकडं बघायला लागले. मुलानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्याची नजर सरळ सांगत होती, आई, हो म्हण. एक 'हो' म्हणायचं होतं. पण सून दारात उभी होती, आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल आणखी एक खोटं माझ्या तोंडून निघेना.

"नाही," मी म्हटलं. "घरात मी ठेवलेलं नाव आहे. ते तिला न विचारता ठेवलं. कागदावरही मीच घातलं. तिचं खरं नाव पासपोर्टवरचंच आहे."

त्याचं पेन थांबलं. "काकू, असं सांगितलासा तर मला लिवावं लागतंय."

"लिहा की मग."

त्यानं सुनेकडं वळून विचारलं, तुमचं काय म्हणणं. तिनं तिचं नाव सांगितलं, एकदाच, स्वच्छ. तो बराच वेळ लिहीत राहिला. काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही. तो गेल्यावर मुलगा माझ्याशी दीड दिवस बोलला नाही. पेन्सिलीनं लिहिलेल्या त्या तिकिटापुढं त्यानं आता रक्कम टाकली होती. दर फोनला मी हातातलं काम टाकून धावायची. रात्री हे कूस बदलत म्हणायचे, "बरं केलंस, खरं बोललीस." आणि थोड्या वेळानं, "पर गप बसली असतीस तर?"

व्हिसा मिळाला तेव्हा दोन दिवस राहिले होते. मुलानं मोबाइल माझ्यापुढं धरला. मला चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं, तरी मी हो हो म्हणत राहिले. ह्यांनी जाऊन पेढे आणले. सुनेनं आईला व्हिडिओ कॉल लावला आणि दोघी भराभरा बोलायला लागल्या. मुलगीच पुन्हा जन्माला आल्यासारखी तिची आई हसत होती.

"काय सांगतेय ती?" मी मुलाला विचारलं.

"ऑफिसात चूक झालेली, ती निस्तरली म्हणून सांगतेय."

"कुणाची चूक म्हणाली?"

"ऑफिसची."

आठवडाभर बॅग भरून बसलेल्या पोरीनं आईला माझ्याबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. मला ते सोसेना. मी मुलाला म्हटलं, "सांग त्यांना, चूक माझी होती म्हणून."

"आई, झालं ते झालं. आता कशाला?"

"सांग म्हणते ना!"

मी फोनसमोर बसले. एकेक वाक्य मी बोलायची आणि तो मोडक्यातोडक्या शब्दांत तिकडं पोचवायचा. सुनेनं मान खाली घातली. विहीणबाई मांडीवर टोपली घेऊन भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. त्यांनी काहीतरी विचारलं.

"नवं नाव काय, म्हणतात."

मी सांगितलं. त्यांनी ते म्हणून पाहिलं, जमलं नाही. मग त्या बराच वेळ हळू आवाजात बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ही पोटात असताना हिचे बाबा गेले. जाताना तेवढं नाव ठरवून गेले होते. हिच्यासाठी दुसरं काही ठेवलं न्हाय त्यांनी."

मी हात जोडले. एवढ्याशा फोनमध्ये त्यांना ते दिसले की नाही कोण जाणे. त्यांनी टोपली बाजूला ठेवली, चेहरा फोनच्या जवळ आणला, आणि मी ठेवलेलं ते नाव पुन्हा म्हणून बघायला लागल्या. लेकीला आता ह्याच नावानं हाक मारायची, असं त्यांना वाटलं होतं.

"नको, विहीणबाई, नको," मी मराठीतच म्हणत राहिले. मुलगा ते त्यांच्या भाषेत सांगेपर्यंत त्यांनी ते नाव तिसऱ्यांदा म्हटलं. ह्या खेपेला ते बरोबर होतं.