कडक काकूंची सायकल

रुग्णालयाच्या धुलाईखात्यात चादरींना स्टार्च करून इस्त्री मारणाऱ्या काकूंना सगळे ‘कडक काकू’ म्हणत. स्टार्चमुळे की स्वभावामुळे, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. पहिली पाळी उजाडायच्या आत सुरू व्हायची. तेव्हा बस नसायची, म्हणून सायकल. या शहरात सायकल बाहेर ठेवली की गेलीच समजा. त्यामुळे काकू ती खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवत आणि पलंगाला लावून झोपत.

मग गुडघ्याने दगा दिला. तळमजल्यावरचा रंगारी म्हणाला, “काकू, कशाला जिवाचे हाल? जिन्याखाली लावा. माझं दार समोरच आहे. मी आहे ना!”

काकूंनी ऐकलं. महिना उलटायच्या आत सायकल गेली, कुलपासकट. रंगाऱ्याने फार हळहळ केली, शोधायला काकूंबरोबर चार गल्ल्याही फिरला.

तो सगळा हिवाळा काकू गुडघ्याला पट्टा आवळून अंधारात चालत कामावर गेल्या.

एका दुपारी बाजाराच्या कुंपणाला एक हिरवी सायकल दिसली. काकूंची काळी होती. पण हिची फाटलेली सीट जाड पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली होती, आणि टाके काकूंचेच होते. फाटक्या चादरी त्या तशाच शिवत. मग त्यांनी रंगाकडे नीट पाहिलं. हाच हिरवा त्यांच्या जिन्याच्या कठड्याला होता, आणि कठडा रंगाऱ्यानेच रंगवला होता.

“मेल्या!” काकू एवढंच म्हणाल्या. समोरच्या दुकानातून जाडजूड साखळी आणि कुलूप घेतलं, आधीच्या कुलपाशेजारी ठोकलं आणि पायरीवर बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने एक चष्मेवाला आला. आपल्या सायकलीला दोन कुलपं बघून बुचकळ्यात पडला.

“दुसरं माझं आहे,” काकू म्हणाल्या, “आणि सायकलही. कोणी विकली तुम्हाला?”

“एका रंगाऱ्याने. स्वतःचीच आहे म्हणाला.”

“चला माझ्याबरोबर.”

रंगाऱ्याने दार उघडलं आणि दोघांना सायकलीसह बघून त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. मागे बायको उभी होती. चष्मेवाला म्हणाला, “हाच तो.”

“काकू, चूक झाली! पोलिसांत नका जाऊ.”

“पोलीस तुला चार दिवसांत सोडतील,” काकू म्हणाल्या. “मी सोडणार नाही.”

चष्मेवाल्याचे पैसे तिथल्या तिथे परत करायला लावले. मग सायकल रंगाऱ्याच्या खिडकीच्या गजांना साखळीने बांधली, अशी की अर्धं दार अडावं. कामावरून आल्या की रोज तिथेच. कोणी विचारलं तर काकू खणखणीत आवाजात सांगत, “याने चोरून विकली होती. आता हाच राखणदार.” पोस्टमनला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, रंगाऱ्याला काम द्यायला आलेल्यांना तर बसवून सांगितलं. चोराच्या हाती घराची किल्ली कोण देणार? त्याची कामं तुटत गेली.

एकदा त्याची बायको वर आली. “काकू, पोरांच्या तोंडाकडे तरी बघा.”

“मी लंगडत कामावर जात होते, तेव्हा तुझा नवरा खिडकीतून बघत होता,” काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

शेवटी रंगाऱ्याने बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. टेम्पो आला, पण सायकलीमुळे कपाट दारातून निघेना. रंगारी तीन मजले चढून आला. मान खाली. “काकू, कुलूप काढता का?”

“जेवण होऊ दे.”

तो जिन्यात उभा राहिला. काकूंनी पुन्हा वाढून घेतलं, ताट घासलं, पुसून फळीवर ठेवलं. मग एकेक पायरी उतरत खाली आल्या आणि सायकल बाजूला घेतली. कपाट निघालं. बायकोने काकूंकडे पाहिलंही नाही. टेम्पो कोपऱ्यावरून वळला.

शेजारीण म्हणाली, “जरा जास्तच ताणलंत, काकू.”

“ताणलं असेल,” काकू म्हणाल्या. “पण आज जेवण गोड लागलं.”