कासवाचं ध्यान

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोनईजवळच्या आमच्या मळ्यातली विहीर आटली. पाणी स्वच्छ राहावं म्हणून आजोबांनी कधीकाळी तिच्यात सोडलेलं कासव वर काढावं लागलं. मी नगरच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन नुकतीच घरी आले होते. गावातल्या बायकांशी काय बोलावं ते मला सुचत नसे. कासवाची बोलण्याची काही अपेक्षा नव्हती, त्यामुळे आमचं जमलं.

आत्यानं त्याला देवघराशेजारी पितळी घंगाळात ठेवलं. तळाला बोटभर पाणी, पाठीला रोज हळदकुंकू, समोर दूधभात. शेजारणी दर्शनाला येऊ लागल्या. महिना उलटला आणि कासवानं डोळे मिटले, ते उघडेचना.

"ध्यान लावलंय," आत्या म्हणाली. "लई पुण्यवान हाय." बायकांनी हात जोडले.

मी मात्र तासन् तास त्याच्यासमोर बसत असे. ध्यानात कुणाच्या पापण्या भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या फुगत नाहीत. ते चालताना घंगाळाच्या कडेवर आपटत होतं. भाताला तोंड लावत नव्हतं. कुंकवाखाली पाठीवर पांढरे चट्टे आले होते. हे मरणार, असं मला दिसत होतं. पण इतक्या जणींसमोर ते बोलायचं कसं? चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी हात लावल्यावर मान आत घेणंही त्यानं सोडलं, तेव्हा पाटीत ओलं फडकं अंथरून मी त्याला घेऊन निघाले.

गावाबाहेर दुष्काळातल्या गुरांची छावणी होती, तिथे गुरांचे डॉक्टर बसत. रांगेत सगळे बैलवाले.

"ताई, दुभतं हाय का?" एकानं पाटीत डोकावून विचारलं.

"न्हाई रं, औताचं हाय. खांदा बघ की!" मागचा बैलवाला म्हणाला.

"मंग थांबा ताई मागं. कासवाला कसली आलीय घाई?"

"ते मरतंय," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा निघू शकतो हे मलाच माहीत नव्हतं. हसणं थांबलं. सगळ्यांनी बैल बाजूला घेतले.

"कासव मी फक्त पुस्तकात वाचलंय," डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं. पापणी हळूच बघून म्हणाले, "दूध कुणी पाजलं याला?"

"आत्यानं."

"हे मासे, किडे खाणारं जनावर. योग्य खाणं नसलं की डोळे सुजतात. उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळे पुसा. सकाळचं ऊन द्या, पण सरकायला सावलीही ठेवा. पाणी रोज बदला. कुंकू बंद. मासळी नसेल तर बोकडाच्या कलेजीचा तुकडा, अगदी नखाएवढा. आणि हाताळलं की हात धुवा."

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. आत्यासमोर कलेजीचं नाव काढायला मला सारी दुपार लागली.

"देवाला कलेजी?"

"आत्या, ते ध्यान नाही गं. त्याला डोळे उघडताच येत नाहीत."

आत्यानं चष्मा लावला आणि खाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आगं बया! आन् मी मेली आरती करत बसले!" मग पदर खोचून म्हणाली, "आना कलेजी. पन घंगाळ अंगनात न्या, आन् सुरी येगळी ठेवा."

टँकरच्या पाण्यातून घरातल्या प्रत्येकानं आपल्या वाट्याचा एक तांब्या कासवाला दिला. दर्शनाच्या बायका आता त्याच्या पापण्यांची चौकशी करायला येत, आणि सांगणारी मीच. पहिल्या दिवशी दोन वाक्यं बोलले. आठवड्यानं आत्यालाच मला थांबवावं लागलं.

नवव्या दिवशी एक डोळा किलकिला झाला, दुसऱ्या दिवशी दोन्ही उघडले. मी काडीला टोचून तुकडा पुढे धरला. त्यानं मान लांब काढली, बघितलं, आणि काडीसकट ओढून घेतला. आत्या नाकाला पदर लावून शेजारीच उभी होती.

"सावकाश, बाबा," ती पदराआडून म्हणाली. "ठसका लागंल."