वैजयंतीची पुढची सीट

सोलापूरजवळच्या आमच्या कुंभारीत ब्लाऊज शिवणाऱ्या बायका पुष्कळ. पण ब्लाऊज घट्ट शिवून वर "तुमीच फुगलाय की" म्हणणारी एकच, वैजयंती. गल्लीतल्या ट्रिपाही तीच ठरवते. गाडी तिची नाही, रस्ता तिला माहीत नाही, तरी ठरवते तीच. मी तिला मॅनेजर म्हणतो. ती मला काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

या बाईचं दुखणं म्हणजे तिला गाडी लागते. आजवर जिथं जिथं गेली, तिथला रस्ता तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घालून पाहिला. ड्रायव्हरशेजारी बसलं तर लागत नाही. पण त्या सीटवर समोरच्या घरातली श्रीदेवी बसते. तिलाही गाडी लागते म्हणे. आणि क्रूझर चालवणारा बसवराज पडला तिचा धाकटा भाऊ.

"हिला कसली गाडी लागतीया! नाटकी!" वैजयंती मशीनवरून अख्ख्या गल्लीला ऐकवायची. "येकदा तरी ओकलीया का?"

"आदी माझा ब्लाऊज उसवून दे. श्वास घेता येईना," श्रीदेवी तिकडून.

अहो, कायम पुढं बसणारी ओकेल कशाला? पण हे मी वैजयंतीला सांगितलं नाही. भांडण चांगलं चाललं होतं.

यंदा मॅनेजरनं चांदोली काढली. राष्ट्रीय उद्यान, आत धबधबे. पाणी जोरात कोसळतं तेव्हा गेट बंद, आणि गेट उघडतं तेव्हा पाणी आटत चाललेलं, असं कुणीतरी म्हणालं. तरी हिचा हट्ट सुटेना. जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस, धबधबा मधल्या मध्ये. मी म्हणालो, "अगं, एवढं पाणीच बघायचंय तर नळ आला की बादलीत बघ."

"आण्णा, तुमाला कोण नेतंय?" ती म्हणाली. "अन् ऐका, ह्या टायमाला पुढच्या सीटवर मीच. धबधबा मी डोळ्यांनी बघणार. पिशवीत तोंड घालून न्हाय."

त्यासाठी तिनं तारीख कोणती धरली, तर वेळा अमावस्या! त्या दिवशी आमच्याकडं गाव रानात जेवतं. ज्वारीत कडब्याची खोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील खायची. ज्याला रान नाही त्याला शेजारी घेऊन जातो. कुणाला उपाशी ठेवायचं नाही. श्रीदेवीचं रान होटगीच्या वाटेला. ती त्या दिवशी खोप सोडून कुठं जाणार? म्हणजे सीट मोकळी. आणि बसवराज? भाडं दिसलं की तो बहिणीलाही विसरेल, असा हिचा अंदाज. डोकं बघा बाईचं!

फक्त रान काय एकट्या श्रीदेवीलाच आहे का, एवढं ती विसरली. हिला स्वतःला रान नाही ना. दरसाल ही जेवते ती श्रीदेवीच्याच खोपीत.

पहिली उसळली दगडाबाई. वय सत्तर, जीभ पंचविशीतली. "अगं ए, अमावस्येला धबधबा? अन् पांडवाला निवद काय तुझा बा दावणार?" मग एकेकीनं अंग काढून घेतलं. शेवटी बसवराजही म्हणाला, "आक्का, त्या दिवशी गाडी रानाला."

तरी अमावस्येला सकाळी मॅनेजर नवी साडी नेसून उंबऱ्यावर बसली. हातात पिशवी. पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, लिंबू, प्लॅस्टिकच्या पिशव्या. गल्लीत नुसती कुलपं आणि कुत्री.

क्रूझर तिच्या दारात थांबली. मागं आंबिलीची घागर धरून मी बसलेलो. माझं रान विकून जमाना झाला. श्रीदेवीनं पुढच्या खिडकीतून डोकं काढलं.

"काय मॅनेजर, धबधबा तुला सोडूनच गेला व्हय?"

"तुझ्या तोंडाएवढा वाहत न्हाय तो."

"चढ मागं."

"न्हाय."

"अगं चढ की! आज कुणी उपाशी ऱ्हायलं तर माझ्या रानाला लागंल ते."

हे ऐकलं आणि वैजयंती उंबऱ्यावर आणखी ऐसपैस बसली. "लागू दे की. पुढं बसवत असलीस तर येती. न्हायतर हितंच उपाशी बसती, अन् दिवसभर तुझ्या रानाचं नाव घेती."

श्रीदेवीनं तिच्या सात पिढ्या काढल्या. कन्नडात काढल्या, म्हणजे राग खरा होता. मग दार आपटून उतरली आणि मागं येऊन माझ्याशेजारी घुसली. वैजयंती पुढं अशी बसली, जणू आमदारच.

गाडी कच्च्या रस्त्याला लागली. पहिल्या वळणाला श्रीदेवीनं पदर तोंडाला लावला. दुसऱ्याला पिवळी पडली. पुढच्या खड्ड्यात गाडी आदळली, आणि माझं धोतर गेलं.

पुढून एक हात मागं आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि लिंबू. मान मात्र वळली नाही.

"आता कळलं का... नाटक हाय व्हय?" श्रीदेवी पिशवीतूनच म्हणाली.

"नीट धर. आण्णांचं धोतर गेलंच हाय, घागर तरी वाचीव."

खोपीत श्रीदेवीनं पहिलं ताट वैजयंतीलाच वाढलं, आदळून. तिनं भज्जी दोनदा मागून घेतली आणि आंबील खारट झाली म्हणाली.

चांदोली अजून ठरायचीच आहे. दोघींनाही गाडी खरीच लागते, हे आता गल्लीला कळलंय. आणि पुढची सीट एकच. त्या दिवशी खोपीत जेवणं झाल्यावर मी म्हणालो, "त्यात काय एवढं? जाताना एकीनं बसा, येताना दुसरीनं."

दोघी एकदम माझ्या अंगावर आल्या, "जाताना कोण?"