शेपटीवरचा दिवा
काल धायरीत आमच्या सोसायटीत रंगारी रॉकेलमध्ये ब्रश धूत होता आणि त्या वासासरशी मला मुंबई विमानतळावरचं ते हँगर आठवलं, कारण विमानाच्या इंधनालाही साधारण असाच वास येतो. दुमजली विमानं तेव्हा नुकतीच आपल्याकडे येऊ लागली होती आणि पुण्यात विमानदुरुस्ती शिकून मी तिथे उमेदवारी करत होते. पहिलं विमान आत आलं तेव्हा आम्ही सगळे हातातलं काम टाकून बघायला धावलो. खिडक्यांच्या एकावर एक दोन रांगा, आणि शेपटी सात मजली इमारतीएवढी उंच! तिच्या टोकाजवळचा दिवा तपासायचा होता. मुलं पुढे झाली, मीही कमरेला पट्टा बांधला. आमचे साहेब नारायण पेठेतले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आपण खाली थांबा, कागद सांभाळा. पडलात तर खुलासे आम्हाला लिहावे लागतील." "खुलासा मीच लिहून ठेवते साहेब, तुम्ही सही तेवढी करा," असं म्हणून मी कागद त्यांच्याच हातात दिले आणि लिफ्टच्या पाळण्यात चढले. वर जाताना खाली बघून मुद्दाम हसले. दिव्याची काच तडकलेली निघाली. साहेब लिहून घेईपर्यंत मी वरून दोनदा ओरडून सांगितलं. आता लोक म्हणतात, एवढं अवाढव्य विमान बांधायची गरजच नव्हती. म्हणोत बापडे. मी त्याच्या माथ्यावरून खाली बघितलंय.