स्लाऊच्या बसस्टॉपवर टिकल्यांचं पिस्तूल

यंदा नातवाने टिकली फोडली आणि त्या जळक्या वासासरशी मी थेट इंग्लंडातल्या स्लाऊच्या बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले.

मी सातवीतच शाळा सोडलेली. धाकट्या दिरांनी तिकडे बोलावून घेतलं, ते उपकार मोठेच. "वहिनी, बाहेर तुम्ही बोलू नका, मी बोलेन," भाऊजी बजावायचे.

त्या दिवाळीत त्यांच्या मुलासाठी गावाहून काळं लोखंडी पिस्तूल नेलं होतं. भाऊजींबरोबर बसची वाट बघताना, टिकल्या सर्दावल्यात का बघायला मी स्टॉपवरच दोन उडवल्या. कुणीतरी फोन केला असावा. खरोखरच्या बंदुका घेतलेले दोन पोलीस समोर आले आणि ओरडले.

आता मला परत पाठवतात, एवढंच मनात आलं. भाऊजी इंजिनिअर, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मी पिस्तूल हळूच खाली ठेवलं, हात वर केले. "सर, टॉय. दिवाळी. माय मिस्टेक."

एकाने ते उचलून हुंगलं. "थँक यू, मॅडम. यू डिड द राइट थिंग." पिस्तूल मात्र ते घेऊन गेले.

तेव्हा लाजेने मान वर होत नव्हती. आज ते 'मॅडम' आठवलं की ताठ बसते.

त्या दिवशी बस आली तसे भाऊजी मागे सरकले. "वहिनी, ड्रायव्हरशी तुम्हीच बोला."