पंपाखालचा पेपर

मेश्रामताई रोज सकाळी पेपर बघत, पण त्यात छापलेलं एक अक्षरही वाचत नसत. संध्याकाळी वर्कशॉप बंद व्हायच्या आधी त्या प्रत्येक मोटारसायकलच्या इंजिनाखाली रद्दीतलं एकेक पान पसरत, त्याच्या कोपऱ्यात गाडीचा नंबर लिहीत आणि सकाळी आल्या आल्या उकिडव्या बसून एकेक पान बघत पुढे सरकत. काळा डाग म्हणजे तेल. हिरवा म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. ज्या पानावर काहीच नाही ते घडी होऊन पुन्हा गठ्ठ्यात जाई. "गाडीवाला खोटं बोलते, आपले लोकं खोटं बोलतात," त्या म्हणत. "पेपर नाही बोलत."

वर्कशॉपमध्ये चौदा पुरुष आणि निळ्या डांगरीतल्या या एकट्या. "मैडमजी, आज मेरे राशिफल में क्या है?" असं कुणीतरी रोज विचारायचंच. ताई मान वर न करता सांगत, "तेरी गाड़ी का तेल टपक रहा है, पहले वो देख." मग विचारणाराच ओशाळून पाना शोधायला जायचा.

मी साताऱ्याहून जयपूरला आलो तो या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची, ती कॉम्प्युटरवर जॉब कार्डात भरायची आणि संध्याकाळी हसतमुखानं गाडी ताब्यात द्यायची, एवढं माझं काम. पहिल्याच दिवशी फोनवर आईशी बोलत होतो, तर मागून आवाज आला, "महाराष्ट्रातले काय तुम्ही?" वळून पाहिलं तर हातभर ग्रीस लागलेली, तिशी ओलांडलेली एक बाई. "मी नागपूरची. मतलब, बाबा नागपूरचे. रेल्वेत फिटर होते, बदली होऊन आले. मी इथलीच." त्या दिवसापासून चारचौघांत मी 'सर' आणि मराठीत बोलताना 'भाऊ'. शास्त्री नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी किती रविवार जेवलो याचा हिशोब नाही. त्यांच्या आईचा पाटवडीचा रस्सा खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि दोघी मायलेकी हसत सुटायच्या. हे मुद्दाम सांगतो आहे. पुढे मी जे केलं, ते या घरचं खाऊन केलं.

मे महिना होता. दुर्गापुऱ्यात राहणाऱ्या विकास नावाच्या एका तरुणाची गाडी संध्याकाळी आली. सिग्नलला थांबलं की इंजिन तापायचं. तिसऱ्या दिवशी पहाटे मित्रांबरोबर जैसलमेरला निघायचं होतं, म्हणून गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हवीच होती. बाकीच्यांनी पंख्याची मोटर गेली असं ठरवूनही टाकलं. गाडी रात्रभर उभी राहिलेली, खाली ताईंचं पान होतंच. त्यावर नाण्याएवढा हिरवा डाग.

ताईंनी गाडी चालू केली, तापू दिली आणि रेडिएटरच्या दोन्ही पाइपांना हात लावला. वरचा चटका देत होता, खालचा कोमट. "पाणी फिरून नाही राहिलं भाऊ." पंखा तर नीट फिरत होता. मग त्यांनी इंजिन निवेपर्यंत वाट पाहिली, गरम झाल्यावर पाण्याला वाट करून देणारा थर्मोस्टॅट काढला आणि समोरच्या चहावाल्याकडून पातेलं मागून आणून उकळत्या पाण्यात सोडला. माझ्या डोळ्यांदेखत त्याची झडप उघडली. "हा बिचारा ठीक आहे. आता राहिला पंप." पंपाच्या तळाशी काडी जाईल एवढं एक भोक असतं. तिथे हिरवा थेंब लोंबत होता. आतलं सील झिजलं की पाणी तेलात घुसू नये, आधी बाहेर दिसावं, म्हणून कारखान्यातूनच ते भोक ठेवलेलं असतं. हे त्यांनी मला बोट लावून दाखवलं, समजावून सांगितलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच त्यांनी ठेवली नाही.

"गाडी द्यायची नाही. सील यायला पाच दिवस लागते. हे कार्डात भरा." आणि त्या डागाखाली 'पंप' असं लिहून त्यांनी ते पान माझ्या हातात दिलं. "फायलीत ठेवा भाऊ, कामाला येईल."

मी मॅनेजर भाटीजींकडे गेलो. त्यांनी मान वर केली नाही. "कूलंट भरो और गाड़ी दो. कस्टमर नीचे चिल्ला रहा है." ताई तेव्हा दुसऱ्या गाडीची चाचणी घ्यायला रस्त्यावर गेल्या होत्या. विकास गाडीपाशी उभा राहून थेंब मोजत होता. मी त्याला कोल्ड्रिंक देऊन आत बसवलं, ड्रॉवरमधली दोन रंगांची पुट्टी काढली, मळली आणि ते भोक अंगठ्यानं दाबून बुजवलं. पुट्टी पाच मिनिटांत दगडासारखी झाली. गळणं थांबलं. कार्डात मी लिहिलं, 'तपासणी केली, ठीक'. खाली मेकॅनिकच्या नावाच्या चौकटीत सकाळपासूनच ताईंचं नाव होतं. त्या परत आल्या तेव्हा गाडी गेली होती. मी म्हटलं, "भाटीजींनी दिली." पुट्टीबद्दल बोललो नाही.

जोधपूर ओलांडल्यावर इंजिन जॅम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि विकास गाडीसकट घसरत गेला. पाय दोन ठिकाणी मोडला. आठवड्यानं कंपनीचा तपासनीस आला. इंजिनमधून पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं झालेलं तेल निघालं आणि पंपाखालून माझी पुट्टी निघाली, तिच्यावर अंगठ्याचा खळगा. सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी माझ्या हातांकडे पाहिलं.

चौकशीसाठी भाटीजींच्या केबिनमध्ये जाण्यापूर्वी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. आवाज अगदी हळू होता. "भाऊ, तुम्ही केलं ना? पुट्टीवरचा तो खळगा मोठा आहे, त्यात माझा अंगठा हरवते. तुम्हीच सांगा आतमध्ये. मी बोलली तर कोणी नाही ऐकणार." मी मान हलवली. हो म्हणून हलवली. माझी नोकरी पक्की व्हायला दोन महिने होते आणि मी घाबरलो होतो. याहून भारदस्त कारण माझ्याकडे नाही.

आत त्या हिंदीत म्हणाल्या, "मैंने सर को बताया था. पेपर भी दिया था, उस पर लिखा है." भाटीजींनी मला विचारलं, "कौन सा पेपर?"

"रोज़ इतने पेपर होते हैं," मी म्हटलं. "याद नहीं. कार्ड में नाम इन्हीं का है."

ते पान त्या क्षणी माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये होतं. फाडायची हिंमत झाली नव्हती आणि काढायचीही झाली नाही. ताई माझ्याकडे पाहत राहिल्या. त्याच दुपारी त्यांनी पान्यांची पेटी उचलली आणि निघून गेल्या. जयपुरातल्या कुठल्याच वर्कशॉपनं त्यांना मग घेतलं नाही. गिऱ्हाइकाचा पाय मोडणारी बाई, अशी त्यांची ओळख आमच्या धंद्यात त्यांच्याआधी पोहोचायची. त्या चौदा जणांना आता एक गोष्ट मिळाली होती, आणि त्यांना ती सांगताना मी कितीदा ऐकलं, गप्प राहून.

तीन वर्षांनी मी त्या वर्कशॉपचा मॅनेजर झालो. पेढे वाटून घरी आलो, तेव्हा ती जुनी सॅक काढली आणि दुसऱ्या दिवशी झोटवाड्याच्या कारखान्यांच्या वस्तीत गेलो. ताई तिथे नळाच्या तोट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्या. हात स्वच्छ होते, तेच मला बघवेना. मी पान पुढे केलं. म्हटलं, "ताई, मी कंपनीला लिहितो. सगळं सांगतो. हा पुरावा आहे."

त्यांनी ओढणीला हात पुसले, पान घेतलं, उन्हात धरलं आणि सवयीनं उकिडव्या बसून निरखलं. बराच वेळ. कोपऱ्यातला नंबर दिसत होता, त्यांच्या हातचं 'पंप' दिसत होतं. मधला हिरवा रंग पार उडाला होता. कागदावर फिकट पिवळा ओघळ तेवढा उरला होता.

"हे आता पाणी आहे, का चहा, का काय, कोणी नाही सांगू शकत," त्या म्हणाल्या. "मी पण नाही."

मग पानाची घडी घालून त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं. "ठेवा सर."

इथे आम्ही दोघंच होतो. आणि मराठीत बोलत होतो.